दोन बाळं, दोन वह्या : जुळ्यांच्या वाढीची नोंद पहिल्या दोन वर्षांत कशी ठेवावी

जुळ्या बाळांच्या घरात एक मोजपट्टी न मागता हजर असते : शेजारी झोपलेलं दुसरं बाळ. याने मान धरली, मग तिने का नाही? हिचं वजन इतकं वाढलं, याचं का अडलं? ही तुलना मनात येणारच, पण बाळाची वाढ जोखायला ती उपयोगाची नाही. तिच्यामुळे दोन उलट प्रकारचे घोटाळे होतात. लहान पण व्यवस्थित वाढणाऱ्या बाळाची उगाच धास्ती लागते, हा एक. दुसरा जास्त गंभीर आहे : दोघंही सारखीच मागे पडत असतील, तर ती एकमेकांसारखी दिसत राहतात आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून प्रत्येक बाळाची नोंद स्वतंत्र ठेवायची, आणि बाळाची तुलना आधी त्याच्या स्वतःच्या मागच्या नोंदीशी करायची. बाकी सगळं त्यानंतर.

आधी वय ठरवा

वजनकाटा आणण्याआधी हे काम करा, कारण इथे चूक झाली तर पुढचा प्रत्येक आकडा चुकीच्या जागी बसतो.

गर्भकाळ ४० आठवड्यांचा धरतात. जुळी बाळं साधारण ३६ आठवड्यांच्या आसपास जन्मतात, आणि निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे भरण्याआधीच येतात. बाळं ३४ आठवड्यांची जन्मली असतील, तर ती ६ आठवडे लवकर आली. आज जन्माला २० आठवडे झाले असले, तरी वाढीच्या हिशेबात ती १४ आठवड्यांची आहेत. यालाच सुधारित वय म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी ते ‘करेक्टेड एज’ असतं. ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळांसाठी ते साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत वापरतात.

दर वेळी वजाबाकी करत बसू नका. वहीच्या पहिल्या पानावर दोन तारखा ठळक लिहा : जन्मतारीख, आणि ४० आठवडे पूर्ण होण्याची तारीख. सुधारित वय म्हणजे या दुसऱ्या तारखेपासून मोजलेलं वय. एक काळजी घ्या. जुळ्यांसाठी प्रसूतीचा दिवस बऱ्याचदा आधीच ठरवला जातो, ३७-३८ आठवड्यांचा. तो दिवस इथे लिहायचा नाही. गरोदरपणातल्या सुरुवातीच्या सोनोग्राफीच्या कागदांवर अपेक्षित तारीख असते, ती घ्या.

वजन, लांबी, डोक्याचा घेर आणि हालचाली या सगळ्यांसाठी सुधारित वय. लसीकरणाला मात्र ते लावायचं नाही. लशी जन्मतारखेनुसारच द्यायच्या, डॉक्टरांनी एखाद्या लशीबद्दल वेगळं सांगितलं नसेल तर. ‘बाळ लवकर आलंय, मग लसही उशिरा देऊ’ असा विचार बरेच पालक करतात. लवकर जन्मलेल्या बाळाला संसर्गाचा धोका जास्त असतो, त्यामुळे ही दिरंगाई त्यालाच महागात पडू शकते.

वह्या, आणि कोण कोणतं

प्रत्येक बाळाची वेगळी वही करा, दोन वेगळ्या रंगांच्या वेष्टनाची. त्यात वजन, लांबी, घेर, नव्या हालचाली, डॉक्टरांच्या भेटी. पहिल्या पानावर दोन तारखांच्या खाली जन्मवजन, जन्माची लांबी, डोक्याचा घेर आणि रुग्णालयातून घरी आणतानाचं वजन लिहा. गर्भात दोघांची वार एकच होती की वेगवेगळी, हेही प्रसूतीच्या कागदांतून पाहून लिहून ठेवा. पुढे कधी वजनातल्या फरकाबद्दल प्रश्न आला, तर डॉक्टर हे विचारण्याची दाट शक्यता असते.

याशिवाय पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी दूध आणि लंगोटांचा एक रोजचा कागद लागतो. तो दोघांचा मिळून एकच असावा, दोन रकान्यांचा, आणि दूध पाजण्याच्या जागेजवळ टांगलेला. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं, म्हणजे तुमच्या घरात १६ ते २४ वेळा. पहाटे तीन वाजता कुणी प्यायलं आणि कोण राहिलं, हे थकलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही. मोबाइलमधली अ‍ॅप चांगली असतात, पण ती एकाच्या फोनमध्ये अडकून राहतात. भिंतीवरचा कागद घरातल्या कुणालाही भरता येतो, म्हणून मी कागदाच्या बाजूने आहे. नियम एकच ठेवा : दुसऱ्या बाळाला उचलण्याआधी पहिल्याची नोंद लिहून झालेली असली पाहिजे.

दोघं हुबेहूब दिसत असतील, तर खूण हवीच. एकाच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाला रंग लावणं सगळ्यात सोपं; तो फिका पडायच्या आत पुन्हा लावा. मनगटाला किंवा गळ्यात दोरा बांधू नका, तो आवळू शकतो. कपड्यांच्या रंगावर तर अजिबात विसंबू नका, कारण वजन करताना कपडे काढायचेच असतात आणि नेमकी तेव्हाच अदलाबदल होते. एखाद्या आठवड्यात एकाचं वजन एकदम चढलेलं आणि दुसऱ्याचं घसरलेलं दिसलं, तर घाबरण्याआधी आकडे उलटे लिहिले गेले नाहीत ना, हे पाहा.

वजन

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं. जन्मवजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंतची घट अपेक्षित असते. पूर्ण दिवसांची बाळं ती १० ते १४ दिवसांत भरून काढतात, लवकर जन्मलेल्यांना दोन-तीन आठवडे लागू शकतात. दोघांपैकी कोण कोणत्या दिवशी जन्मवजनावर परत आलं, ती तारीख वहीत नोंदवा.

घरी काटा हवाच असं नाही. डॉक्टरांकडे किंवा आरोग्य केंद्रात ठरलेल्या वेळी वजन होत असेल आणि ते समाधानी असतील, तर तेवढं पुरेसं आहे. बाळं लहानखुरी आहेत, दूध पिण्याची अडचण आहे किंवा डॉक्टरांनीच लक्ष ठेवायला सांगितलं आहे, तर १० ग्रॅम किंवा त्याहून बारीक फरक दाखवणारा बाळांचा डिजिटल काटा घ्या. मोठ्या माणसांच्या काट्यावर बाळाला घेऊन उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं, ही युक्ती या वयात कामाची नाही. ते काटे साधारण १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतात, आणि आपल्याला पाहायची असते आठवड्याची दीड-दोनशे ग्रॅमची वाढ.

वजन करण्याची पद्धत दर वेळी तीच ठेवा. काटा सपाट, टणक जमिनीवर. गादीवर किंवा गालिच्यावर नको. त्यावर पातळ दुपटं टाका आणि आकडा शून्यावर आणा. बाळ पूर्ण उघडं, लंगोटसुद्धा काढलेला, कारण एकच ओला लंगोट अख्ख्या आठवड्याची वाढ झाकू शकतो. वेळ दूध पिण्याच्या आधीची. बाळाच्या अंगावर हात टेकवू नका, पण हात अगदी जवळ ठेवा. आणि काटा स्वतः बरोबर आहे की नाही, हे तपासायला घरातली वजन न बदलणारी एखादी वस्तू ठरवून ठेवा, बंद डबा किंवा जाडजूड पुस्तक. बाळांच्या आधी दर वेळी ती ठेवून पाहायची. तिचा आकडा बदलला, तर त्या दिवशीचं वजन वहीत चढवायचं नाही.

रोज वजन करू नका, हे आवर्जून सांगते. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं. पोटातलं एक वेळचं दूध याच्या दुपटी-तिपटीने असतं, शी-शू वेगळीच. म्हणजे रोजच्या आकड्यात वाढीपेक्षा दुधाचा आणि लंगोटाचा चढउतार जास्त दिसतो, आणि घरात दोन बाळं असताना तो चढउतार दिवसाला दोनदा जिवाला घोर लावतो. जन्मवजन भरून येईपर्यंत डॉक्टर सांगतील तसं, त्यानंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. वाढ स्थिरावली की पंधरा दिवसांनी, पुढे महिन्यातून एकदा. वर्षानंतर दोन-तीन महिन्यांनी केलं तरी चालतं.

आकडे वाचायचे कसे, ते एका उदाहरणाने पाहू. थोरल्याचं वजन सोमवारी ३१४० ग्रॅम होतं, पुढच्या सोमवारी ३३२०. वाढ १८० ग्रॅम, म्हणजे दिवसाला २६ ग्रॅमच्या जवळपास. धाकटीचं २६९० वरून २८५० झालं. वाढ १६० ग्रॅम, दिवसाला २३ च्या आसपास. वरवर पाहता धाकटी मागे पडली. पण स्वतःच्या वजनाच्या मानाने थोरला ५.७ टक्के वाढला आणि धाकटी ५.९ टक्के. दोघांची वाढ उत्तम चालली आहे आणि काळजीचं काहीच नाही.

तीन महिन्यांनंतर हा वेग मंदावतो. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान दिवसाला १५ ते २० ग्रॅम, सहा महिन्यांनंतर आणखी कमी. हे माहीत नसलं की चौथ्या महिन्यात ‘दूध पुरत नाही वाटतं’ अशी शंका येते, आणि जुळ्यांच्या आईला ती जरा लवकरच येते. ‘पाच-सहा महिन्यांत जन्मवजन दुप्पट, वर्षात तिप्पट’ हा आडाखाही जुळ्यांना सावधपणे लावा. १.८ किलोचं बाळ ३.६ किलोचं झालं की दुप्पट झालं खरं, पण पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांचं जन्माच्या वेळचं वजन याच्या फार खाली नसतं. लहान जन्मलेल्या बाळाने हा टप्पा पुष्कळ आधी ओलांडायला हवा, आणि तो ओलांडला म्हणून वही मिटायची नाही.

वजनाशिवाय रोजची खूण म्हणजे लंगोट. पाचव्या दिवसापासून प्रत्येक बाळाचे २४ तासांत सहा किंवा अधिक ओले लंगोट झाले पाहिजेत. इथे एकूण बेरीज फसवते. दोघांचे मिळून बारा झाले, पण एकाचे आठ आणि दुसऱ्याचे चार असतील, तर ते चार महत्त्वाचे. रोजच्या कागदावर दोन रकाने ठेवायचे ते एवढ्यासाठीच.

लांबी आणि डोक्याचा घेर

या दोन्ही गोष्टी महिन्यातून एकदा पुरेत. दोन वर्षांपर्यंत बाळाला झोपवूनच लांबी मोजतात, आणि ते एकट्याचं काम नाही. एकाने डोकं स्थिर फळीला टेकवून धरायचं, बाळाची नजर सरळ छताकडे. दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळव्यांना काटकोनात टेकवायची. रुग्णालयात यासाठी इन्फंटोमीटर असतो. घरी गादीवर टेपने मोजलेली लांबी दोन-तीन सेंटिमीटरने सहज चुकते, म्हणून लांबीचा आकडा भेटीच्या वेळीच मोजून घ्या आणि तिथल्या तिथे वहीत उतरवा. एकाच वेळी दोनदा मोजून ०.७ सेंटिमीटरहून जास्त तफावत आली, तर पुन्हा मोजायला सांगायला संकोच करू नका.

लांबी दिवसागणिक सारखी वाढत नाही. मिशेल लॅम्पल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळांची लांबी काही काळ तशीच राहून मग थोडक्या वेळात एकदम वाढताना दिसली. जुळ्यांपैकी एकाची उडी या पंधरवड्यात आणि दुसऱ्याची पुढच्यात, असं होऊ शकतं. मधल्या काळात दोघं शेजारी ठेवून पाहिली, तर नको ते निष्कर्ष निघतात.

डोक्याचा घेर घरी मोजता येतो. न ताणली जाणारी पट्टी घ्या. ती समोर भुवयांच्या वरून, बाजूंना कानांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून गेली पाहिजे. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा लिहा. पहिल्या तीन महिन्यांत घेर महिन्याला साधारण २ सेंटिमीटर वाढतो, पुढच्या तीन महिन्यांत १, आणि नंतर वर्षापर्यंत अर्धा सेंटिमीटर. लवकर जन्मलेली बाळं मागे राहिलेली वाढ भरून काढतात, तेव्हा बहुधा डोकं आधी पुढे जातं, मग वजन आणि शेवटी लांबी. त्यामुळे काही महिने डोकं अंगाच्या मानाने मोठं वाटू शकतं. वाटण्यावर जाऊ नका, रेषेवर जा. घेर वाढीच्या तक्त्यावरच्या (त्याबद्दल पुढे) दोन रेषांमधल्या एकाच पट्ट्यात चालला असेल तर ठीक. पट्टे ओलांडून वर धावत असेल किंवा थांबला असेल, तर लगेच दाखवा.

तक्त्यावरचा ठिपका

आकडे नुसते वहीत पडून राहिले, तर काही बोलत नाहीत. ते वाढीच्या तक्त्यावर ठिपक्यांच्या रूपात यायला हवेत. सगळीकडे प्रामुख्याने वापरले जातात ते जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या, अंगावरचं दूध पिणाऱ्या निरोगी बाळांच्या मोजमापांवरून ते तयार झाले. जुळ्यांच्या पालकांनी त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी : त्या अभ्यासात फक्त एकेकटी जन्मलेली बाळं होती. म्हणून जुळ्यांचे ठिपके सुरुवातीला खालच्या रेषांजवळ पडले, तर त्यात नवल नाही. तरीही तक्ता हाच वापरायचा, सुधारित वयाने.

फार लवकर जन्मलेल्या बाळांसाठी रुग्णालयात सुरुवातीला वेगळे तक्ते असतात. फेंटनचा तक्ता गर्भकाळापासून मोजून ५० आठवड्यांपर्यंत चालतो, इंटरग्रोथ-२१ चा ६४ आठवड्यांपर्यंत. तुमच्या डॉक्टरांनी कोणता वापरला आणि तिथून नेहमीच्या तक्त्यावर कधी आणलं, हे वहीत लिहा. एकाच बाळाचा ठिपका दोन तक्त्यांवर वेगवेगळ्या रेषेवर पडू शकतो. बदल झाल्याची तारीख माहीत नसेल, तर बाळ अचानक घसरलं असं वाटतं.

मुलगा आणि मुलगी अशी जोडी असेल, तर तक्ते वेगळे लागतात. एक वर्षाच्या मुलाचं मधलं वजन ९.६ किलो आहे, मुलीचं ८.९. म्हणजे दोघं अगदी मधल्या रेषेवर असली, तरी त्यांच्यात ७०० ग्रॅमचा फरक असणारच. दोन मुलगे किंवा दोन मुली असल्या तरी मी दोन वेगळे कागद घ्यायला सांगेन. एकाच कागदावर दोन रेषा काढल्या, की डोळा तिसरीकडे बघतच नाही. वरची आणि खालची, एवढंच दिसतं.

तक्त्यावर ३, १५, ५०, ८५ आणि ९७ अशा रेषा असतात. १५ च्या रेषेवरचं बाळ म्हणजे त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या शंभर बाळांपैकी सुमारे १५ त्याच्याहून हलकी. हे परीक्षेतले गुण नाहीत. १५ च्या रेषेवरून महिनोन्‌महिने सरळ जाणारं बाळ चांगलं वाढतंय, आणि ८५ वरून ५० च्या खाली उतरत चाललेल्या बाळाकडे लक्ष द्यायला हवं, मग ते आपल्या भावंडापेक्षा अजूनही गुबगुबीत का असेना. जुळ्यांच्या घरात नेमकं हेच निसटतं : काळजी सगळी लहान बाळाच्या वाट्याला जाते आणि मोठ्याची घसरण महिनाभर कुणी पाहत नाही.

वजन लांबीच्या मानाने किती, हा तक्ताही अधूनमधून पाहा. लहान बाळाला लवकर ‘बरोबरीला आणायचं’ म्हणून जबरदस्तीने जास्त दूध पाजणं, किंवा डब्याच्या दुधात प्रमाणाबाहेर भुकटी घालणं, हे करू नका. घट्ट दुधाने बाळाच्या अंगातलं पाणी कमी पडतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. जास्त उष्मांक हवे असतील, तर ते कसे द्यायचे हे डॉक्टर ठरवतील.

दोघांमधला फरक

फरक पाहायचाच नाही, असं नाही. तो ठरावीक वेळीच आणि टक्क्यांत पाहायचा. मोठ्याच्या वजनातून लहानाचं वजन वजा करा, उत्तराला मोठ्याच्या वजनाने भागा, १०० ने गुणा. जन्माच्या वेळी एक २४०० ग्रॅम आणि दुसरं १८०० असेल, तर फरक ६०० ग्रॅमचा, म्हणजे २५ टक्के. जन्मवजनात २० ते २५ टक्के किंवा जास्त फरक असेल, तर डॉक्टर त्याची खास दखल घेतात. सहा महिन्यांनी हीच बाळं ७ किलो आणि ६.४ किलो झाली, तर फरक पुन्हा ६०० ग्रॅमचाच, पण टक्क्यांत नऊच्याही खाली. ग्रॅममध्ये पाहणाऱ्याला वाटेल, लहान बाळ आहे तिथेच आहे. प्रत्यक्षात त्याने मोठी मजल मारलेली असते. तीन महिन्यांतून एकदा हा हिशेब करा, त्याहून वारंवार नको.

एकाच फलित अंड्यातून झालेल्या जुळ्यांमध्येही जन्मवजनाचा फरक बराच असू शकतो, कारण सामाईक वारेचा वाटा दोघांना सारखा मिळतोच असं नाही. कधी रक्तप्रवाहही एकाकडून दुसऱ्याकडे जास्त जातो. अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या दीर्घ अभ्यासात रोनाल्ड विल्सन यांनी जुळ्यांची मापं वर्षानुवर्षं तपासली. हुबेहूब जुळी वाढता वाढता आकाराने एकमेकांच्या जवळ येत गेली, आणि वेगवेगळ्या अंड्यांतून झालेली जुळी दूर जात राहिली. सुरुवातीचा फरक फार मोठा असेल, तर त्याचा काही अंश पुढेही राहू शकतो. पण दोन वेगळ्या अंड्यांतून झालेली बाळं म्हणजे एकाच दिवशी जन्मलेली साधी भावंडं. त्यांची उंची आणि अंगकाठी सारखी व्हावी, अशी अपेक्षाच धरू नका.

हालचाली

आकड्यांपेक्षा हा भाग आनंदाचा आहे, आणि तुलना सगळ्यात जास्त होते तीही इथेच. वहीत नवी गोष्ट पहिल्यांदा दिसली की तारीख लिहा : मान सावरली, पालथं पडलं, हात पुढे करून वस्तू धरली, एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. जुळ्यांच्या आठवणी फार लवकर एकमेकींत मिसळतात. वर्षाने ‘आधी कोण बसलं?’ याचं उत्तर घरातला प्रत्येकजण वेगळं देतो.

जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी बाळांचे सहा मोठे टप्पे पाहून त्यांची मुदत मांडली आहे. महिन्यांत ती अशी :

- आधाराशिवाय बसणं : ३.८ ते ९.२
- धरून उभं राहणं : ४.८ ते ११.४
- हात आणि गुडघ्यांवर रांगणं : ५.२ ते १३.५
- धरून चालणं : ५.९ ते १३.७
- एकट्याने उभं राहणं : ६.९ ते १६.९
- एकट्याने चालणं : ८.२ ते १७.६

शेवटची ओळ नीट पाहा. एक बाळ दहाव्या महिन्यात चालू लागलं आणि दुसरं सोळाव्यात, तरी दोघं निरोगी मुदतीच्या आत आहेत. काही बाळं तर हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत. ती बसून सरकतात किंवा थेट उभी राहतात. हे सगळे महिने तुमच्या बाळांसाठी सुधारित वयाने मोजायचे.

जे मागे आहे त्याला जास्त सराव देऊन बरोबरीला आणावं का? अर्नोल्ड गेसेल आणि हेलेन थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये हुबेहूब जुळ्या बहिणींवर केलेला एक प्रयोग इथे आठवण्यासारखा आहे. एकीला ४६ आठवड्यांच्या वयापासून सहा आठवडे पायऱ्या चढण्याचा रोज सराव दिला. दुसरीला तेव्हा काहीच दिलं नाही. ५३ आठवड्यांची झाल्यावर फक्त दोन आठवडे सराव दिला. थोड्याच काळात दुसरी पहिलीच्या बरोबरीला आली. एका जोडीवरून सगळं सिद्ध होत नाही, पण शरीराची तयारी झालेली नसताना धरलेली घाई फारशी कामी येत नाही, एवढं त्यातून दिसतं. बाळाला वॉकरमध्ये घालून चालणं लवकर येत नाही. उलट पडण्याचा आणि दुखापतीचा धोका मात्र असतो.

घाई नको, पण संधी हवी, आणि जुळ्यांना ती कमी पडते. एकाला पाजताना दुसरं बाळ झोपाळ्यात किंवा खुर्चीत, मग अदलाबदल. असा दिवस निघून जातो आणि जमिनीवरचा वेळ उरतच नाही. जागेपणी, तुमच्या नजरेसमोर, रोज एकूण अर्धा तास तरी पालथं ठेवा, थोडं थोडं करून. दोघांना समोरासमोर पालथं ठेवलं, तर एकमेकांकडे बघण्यासाठी ती मान जास्त वेळ उचलून धरतात. जुळ्यांना मिळालेली ही खास सोय आहे.

डोक्याच्या आकारावरही लक्ष ठेवा. पाठीवर झोपवणं हेच सुरक्षित, आणि प्रत्येकाला स्वतःची सपाट, टणक जागा हवी. पण भावंड नेहमी डावीकडेच असेल, तर बाळ सतत डावीकडेच वळतं आणि डोकं त्या बाजूने चपटं होऊ लागतं. गर्भातल्या दाटीमुळे आणि लवकर जन्मल्यामुळे जुळ्यांमध्ये हे अधिक दिसतं. रोज जागा बदला, किंवा डोकं-पाय यांची दिशा उलटी करा. महिन्यातून एकदा डोक्याचा फोटो वरून काढून वहीतल्या तारखेशी जुळवा. बाळाची मान एकाच बाजूला वळत असेल, दुसरीकडे वळवली की रडत असेल, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. तो व्यायामाने सुधारतो, आणि जितक्या लवकर सुरुवात तितकं चांगलं.

कधी थांबायचं नाही

पुढच्या गोष्टी दिसल्या, तर ‘जुळी आहेत, लवकर जन्मली आहेत, होईल हळूहळू’ असं म्हणत वाट पाहू नका :

- दोन आठवड्यांत, किंवा लवकर जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत तीन आठवड्यांत, जन्मवजन भरून न येणं
- सलग दोन आठवड्यांच्या वजनात जवळजवळ वाढच नसणं, किंवा तक्त्यावरच्या दोन मुख्य रेषा ओलांडून खाली येणं
- सुधारित वयाच्या चार महिन्यांनंतरही मान न सावरणं किंवा मुठी सतत घट्ट मिटलेल्या असणं
- नऊ-दहा महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणं, १८ महिन्यांपर्यंत न चालणं
- वर्षाच्या आधीच एकच हात वापरणं, दुसरा बाजूला पडून राहणं
- पाय ताठ होऊन एकमेकांवर कात्रीसारखे येणं, किंवा अंग फार सैल वाटणं
- येत असलेली गोष्ट करणं बंद होणं

टाळू फुगून टणक लागत असेल, किंवा बाळ दूध घेत नसेल आणि मलूल पडलं असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

वर्षाच्या आधी एका हाताची आवड दिसली की घरात ‘डावखुरा होणार’ म्हणून कौतुक होतं. इतक्या लहान वयात खरं तर दुसऱ्या हाताची तपासणी व्हायला हवी. आणखी एक : गर्भात पायाळू असलेल्या बाळाच्या कंबरेच्या सांध्याची सोनोग्राफी झाली आहे का, हे विचारा. जुळ्यांमध्ये एकाचं डोकं खाली आणि दुसरं पायाळू असणं नेहमीचं आहे, आणि तपासणीची ही सूचना दुसऱ्याच्या कागदांत राहून जाते. दोघं हुबेहूब असतील आणि एकात काही सापडलं, तर दुसऱ्यालाही तपासून घ्या.

भेटीला जाताना दोन्ही वह्या न्या आणि एका बाळाचं सगळं पूर्ण झाल्यावरच दुसऱ्याकडे वळा. प्रश्नही बाळागणिक वेगळे लिहून न्या. ‘दोघं कशी आहेत?’ असं विचारलं, की उत्तरही ‘दोघं छान आहेत’ असंच मिळतं. शक्य असेल तर दुसरं मोठं माणूस बरोबर ठेवा, म्हणजे एकाने बाळ सावरायचं आणि दुसऱ्याने लिहायचं.

दोन वर्षांवर

दुसरं वर्ष पूर्ण झालं की दोन गोष्टी बदलतात. सुधारित वय सोडून जन्मतारखेचं वय धरायचं. त्या महिन्यात ठिपका थोडा खाली सरकलेला दिसेल, विशेषतः बाळं बरीच लवकर जन्मली असतील तर. आणि लांबीऐवजी उभ्याने उंची मोजायची. उभ्याने मोजलेलं माप झोपवून मोजलेल्यापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटरने कमी येतं. एक मूल उभं राहिलं आणि दुसऱ्याने नकार दिला म्हणून त्याला झोपवून मोजलं, तर त्याच्या मापातून ०.७ वजा करा आणि आकड्याशेजारी ‘झोपवून’ असं लिहून ठेवा.